डॉ. आनंदीबाई जोशी: बाळंतपणातल्या सोबतीची गोष्ट

पेठ वडगाव, भादोले, किणी, मिणचे, लाटवडे या भागातली बाई अवघडलेली असेल आणि स्थानिक डॉक्टरांनी पुढे न्यायला सांगितलं, तर गाडी हायवेला लागते आणि कोल्हापूरच्या दिशेने वळते. बऱ्याच वेळा ती सीपीआरच्या दारात, म्हणजे जुनी माणसं ज्याला थोरला दवाखाना म्हणतात तिथे थांबते. कळा देणारी लेक किंवा सून आत जाते. तुम्ही बाहेर पिशवी, थर्मास आणि कागदांची फाइल सांभाळत उभ्या राहता.

या दवाखान्याचं मूळ नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली तिथल्या स्त्रियांच्या वॉर्डाच्या प्रमुखपदी २१ वर्षांच्या एका मराठी बाईची नेमणूक झाली होती. ती अमेरिकेत शिकली होती आणि तिने प्रबंध लिहिला होता तो बाळंतपणावर. पण त्या वॉर्डात ती एक दिवसही काम करू शकली नाही. तिचं नाव डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचं नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल, सिनेमाही पाहिला असेल. आज त्यांचं आयुष्य एका वेगळ्या प्रश्नासाठी पाहू या: बाळंत होणाऱ्या बाईजवळ कोण असावं, आणि त्या माणसाने काय करावं? तुमच्या घरात येत्या काही महिन्यांत कोणाचं बाळंतपण असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा.

चौदाव्या वर्षी आई, दहा दिवसांनी मोकळी ओटी

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना, घराणं कल्याणचं. नवव्या वर्षी त्यांचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. गोपाळराव पोस्टात नोकरीला होते, बिजवर होते आणि बायकोपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. त्यात प्रेम होतं, तसा हट्ट आणि कडकपणाही होता. त्यांच्या शिस्तीचा त्रास आनंदीबाईंनी पुष्कळ सोसला.

चौदाव्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. वेळेवर योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर बाळ वाचलं असतं, असं त्यांना वाटत राहिलं. पुढचं सगळं आयुष्य या दहा दिवसांतून निघालेलं आहे.

डॉक्टर म्हणून या घटनेकडे पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात. पहिली, आईचं वय. चौदाव्या वर्षी मुलीचं स्वतःचं शरीर वाढत असतं. कमरेची हाडं पुरेशी रुंदावलेली नसतात, त्यामुळे बाळ अडण्याचा धोका वाढतो. रक्त कमी असणं, रक्तदाब वाढून झटके येणं, बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं होणं, हे सगळं कोवळ्या वयाच्या आयांमध्ये जास्त आढळतं. हा इतिहास संपलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न १८ वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे नवजात बाळाचे पहिले दिवस. जन्मानंतरचा पहिला महिना, आणि त्यातही पहिला आठवडा, सर्वांत नाजूक असतो. जंतुसंसर्ग झाला की इतकं लहान बाळ तासातासाने खालावतं. पण ते मोठ्या माणसासारखं दुखणं सांगत नाही. ते फक्त दूध ओढायचं थांबतं, गळून जातं, गार पडतं. घरच्यांना वाटतं, झोपलंय शांत.

कोल्हापुरातून निघालेलं पत्र

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा संसार फिरत राहिला. कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या रेव्हरंड वाइल्डर यांना पत्र लिहिलं. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात मिशनरी होते. त्यांनी धर्मांतराची अपेक्षा दाखवली, ती जोशी दांपत्याला मान्य नव्हती. पण पत्रव्यवहार त्यांच्या मासिकात छापला गेला.

१८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपला नंबर येईपर्यंत त्यांनी तिथे पडलेलं मासिक चाळलं आणि हे पत्र वाचलं. ओळखपाळख नसलेल्या या बाईंनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं, पुढे घर दिलं, माया दिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

तोवर आनंदीबाईंचा निश्चय झाला होता. त्या काळी घरंदाज बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवत नसत. दुखणं गुप्त ठेवत, अंगावर काढत, आणि त्यातच कित्येक जणी जात. बाळंतपण सुइणीच्या भरवशावर होई. सुईण अनुभवी असे, धीर देई, पण अडलेल्या वेळी तिच्या हाती फार काही नसे. म्हणून बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात, आणि आपण व्हायचं.

लोकांनी टीका केली. रस्त्यात टोमणे, घरासमोर गर्दी, नातेवाइकांचा रोष. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला त्यांनी सभेत उभं राहून आपण अमेरिकेला का जातो हे इंग्रजीत सांगितलं. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज किती आहे ते मांडलं आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही स्पष्ट केलं. ७ एप्रिल १८८३ ला त्यांनी कलकत्ता सोडलं. वय १८. बरोबर नवरा नाही, भाऊ नाही.

फिलाडेल्फियातली तीन वर्षं

फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० मध्ये सुरू झालं होतं. डीन रेचेल बॉडली यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला. त्यांच्याच काळात तिथे जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबत इस्लामबुली या दोघीही शिकत होत्या. तिघींचा आपापल्या देशाच्या पोशाखातला १८८५ चा फोटो आजही पाहायला मिळतो. त्यात आनंदीबाई साडीत आहेत.

त्या शिकत होत्या तो काळ बाळंतपणाच्या शास्त्रासाठी फार महत्त्वाचा होता. बाळंतज्वर, म्हणजे बाळंतपणानंतर चढणारा जीवघेणा ताप, शतकानुशतकं बायकांना नेत होता. डॉक्टरांनी हात जंतुनाशकाने धुतले तर तो कमी होतो हे व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये दाखवलं होतं, पण त्यांचं ऐकलं गेलं नाही. पुढे लिस्टर यांनी शस्त्रक्रियेत जंतुनाशकं आणली आणि १८७९ मध्ये पाश्चर यांनी बाळंतज्वरामागचा जंतू दाखवला. आनंदीबाईंच्या पिढीला हे नवं ज्ञान विद्यार्थीदशेतच मिळालं. बाळंतिणीजवळ जाणारा हात स्वच्छ हवा, ही आज साधी वाटणारी गोष्ट तेव्हा क्रांती होती.

प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र. परदेशी परीक्षकांसमोर त्यांनी आपल्या जुन्या ग्रंथांतला बाळंतपणाचा विचार मांडला. दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या मुलीने सात वर्षांत बाळंतपणाच्या विषयावरच प्रबंध लिहिला, हे लक्षात घ्या.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही होत्या. अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या हिंदू स्त्री. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या. मुंबईत स्त्रियांसाठीचं कामा हॉस्पिटलही १८८६ मध्येच सुरू झालं. काळ बदलत होता.

वॉर्ड तयार, डॉक्टर आजारी

पदवीनंतर कोल्हापूर संस्थानाकडून नेमणूक आली: आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी. ज्या गावातून ते पत्र निघालं होतं, त्याच गावात त्या डॉक्टर म्हणून परतणार होत्या.

पण शरीर साथ देत नव्हतं. फिलाडेल्फियाची थंडी, न मानवणारं अन्न, अपुरा आहार, अभ्यासाचा ताण आणि आधीपासूनची नाजूक प्रकृती. खोकला, ताप, वजन उतरणं सुरू झालं. तो क्षय होता. क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला होता, पण त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ उजाडलं. आनंदीबाईंच्या काळात डॉक्टरांकडे देण्यासारखं होतं ते विश्रांती, हवापालट आणि धीर.

१८८६ च्या नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईला उतरल्या. ज्या समाजाने टोमणे मारले होते, त्यातल्याच अनेकांनी आता स्वागत केलं. पण तब्येत खालावतच गेली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे मावशींच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे.

कोल्हापूरचं ते काम थांबलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. कृष्णाबाई केळवकर याच दवाखान्यात रुजू झाल्या. शाहू महाराजांनी त्यांना पुढच्या शिक्षणासाठी डब्लिनला पाठवलं. परत येऊन त्यांनी कोल्हापूरच्या बायकांची बाळंतपणं केली. आनंदीबाईंची रिकामी राहिलेली जागा अशी भरली गेली.

यातून तुमच्यासाठी काय?

आज स्त्री डॉक्टर आहेत, नर्स आहेत, रक्तपेढी आहे, सिझेरियन आहे. तरीही बाळंतपणाच्या खोलीत एक उणीव राहू शकते. सगळी यंत्रणा असते, पण बाईचा हात धरणारं ओळखीचं माणूस नसतं. आनंदीबाईंना स्त्री डॉक्टर हवी होती ती केवळ औषध देण्यासाठी नव्हे. बाईला न लाजता, न घाबरता दुखणं सांगता यावं म्हणून हवी होती.

कळांच्या वेळी सतत कुणी सोबत असेल तर काय फरक पडतो, यावर जगभर अभ्यास झाले आहेत. २०१७ मध्ये अशा २६ अभ्यासांचा, म्हणजे १५ हजारांहून अधिक बायकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सोबत मिळालेल्या बायकांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त आढळलं, सिझेरियनचं कमी. कळांचा काळ थोडा कमी झाला, वेदनाशामकांची गरज कमी लागली आणि बाळंतपणाबद्दलची नाराजीही कमी राहिली.

कारण साधं आहे. माणूस घाबरलं की शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात. त्याने कळांची लय बिघडू शकते, दुखणं जास्त जाणवतं. धीर मिळाला की अंग सैलावतं, श्वास लांबतो आणि कळांचं काम नीट चालतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी असं सांगते. आपल्या सरकारनेही २०१६ पासून सरकारी दवाखान्यांत प्रसूतीवेळी सोबतिणीला परवानगी दिली आहे. सोबतीण साधारणपणे स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा आणि तिने कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणू नये, अशी अपेक्षा असते. पतीला आत येता येईल का, हे खोलीत इतर बायकांसाठी आडोसा आहे का यावर ठरतं. हे सगळं नाव नोंदवतानाच विचारून घ्या.

सोबतिणीने काय करावं

* आई, सासू, जाऊ, बहीण, कोणीही चालेल. पण निवड गरोदर बाईची असू द्या. जिच्याजवळ ती मोकळेपणी रडू शकते, तिला न्या.
* आत जाण्याआधी हात साबणाने स्वच्छ धुवा. सेमेलवाइस यांचा धडा तुमच्यासाठीही आहे.
* कळ आली की कमरेच्या खालच्या भागावर तळहाताने दाबून चोळा. कळ गेली की तिला अंग सैल सोडायला सांगा.
* तिच्याबरोबर तुम्हीही लांब, संथ श्वास घ्या. ती तुमची लय पकडते.
* डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर तिला चालू द्या, कुशीवर वळू द्या, बसू द्या. सतत उताणं झोपवून ठेवू नका.
* पाणी, सरबत, पेज असं हलकं काही थोडं थोडं द्या, आधी नर्सला विचारून. दर दोन तासांनी लघवीला जायची आठवण करा.
* पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधी जोर करायला लावू नका. त्याने ती थकते आणि सूज येते.
* पोटावर दाब देऊन बाळ खाली ढकलायचा प्रयत्न कधीही करू नका. लवकर सुटका व्हावी म्हणून घरी कोणाकडूनही कळांचं इंजेक्शन घेऊ नका. त्याने गर्भाशय फाटू शकतं.
* तिची दुसरीशी तुलना करू नका, ओरडण्यावरून बोल लावू नका. पहिलटकरणीला बारा तास आणि त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो, हे तिला आधीच सांगा.

बाळ झाल्यावर, दोघांची तब्येत ठीक असेल तर त्याला पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सांगा. पहिल्या तासात अंगावर पाजा. पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीक, फेकू नका. मध, घुटी, साखरपाणी नको. नाळेवर हळद, राख, तेल काही लावू नका. ती कोरडी ठेवा.

लगेच दवाखाना गाठा

गरोदर बाई किंवा बाळंतिणीला पुढीलपैकी काहीही झालं तर थांबू नका:

* अंगावरून जास्त रक्त जाणं
* तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके
* कळांशिवाय पाणमोट फुटणं, किंवा हिरवट पाणी जाणं
* बाळाची हालचाल कमी होणं
* ताप, घाण वासाचा स्राव
* बारा तासांहून जास्त कळा येऊनही बाळ न होणं

बाळाच्या बाबतीत: दूध न ओढणं, अंग गार पडणं किंवा ताप, श्वास जलद चालणं किंवा छाती आत ओढली जाणं, झटके, तळहात-तळपायांपर्यंत कावीळ, नाळेभोवती लाली किंवा पू.

१०८ वर फोन करा. गरोदर माता आणि आजारी नवजात बाळासाठी १०२ ची गाडीही असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात सिझेरियनसह प्रसूती, औषधं, तपासण्या, रक्त आणि आजारी नवजात बाळावरचे उपचार मोफत आहेत.

आणि क्षयाबद्दल

आनंदीबाईंना ज्या आजाराने नेलं, तो आज बरा होतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, किंवा गरोदरपणात वजन वाढण्याऐवजी उतरणं, यांपैकी काही असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. तपासणी आणि साधारण सहा महिन्यांचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. गरोदरपणातही नेहमीची बहुतेक औषधं देता येतात. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. बाळाला अंगावर पाजणं सहसा चालू ठेवता येतं, त्याबाबत डॉक्टर सांगतील.

शेवटी

पुढच्या वेळी थोरल्या दवाखान्याच्या, किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही प्रसूतिगृहाच्या दारात तुम्ही उभ्या असाल, तेव्हा नुसत्या बाहेर थांबू नका. नर्सताईंना विचारा, मला आत तिच्याजवळ थांबता येईल का? आनंदीबाईंच्या पदरी असे काम करायला एक दिवसही आला नाही. तुम्हाला मात्र त्या खोलीत काही तास मिळतील. हात धुवा, तिचा हात धरा आणि ती मोकळी होईपर्यंत तिथून हलू नका.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार निर्णय घेण्यासाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)